सुलभाताई मोहरील: मुलांशी खरे बोलणाऱ्या शिक्षिका

सुलभाताई मोहरील यांची आणि माझी पहिली भेट एका फ्युनरल होममध्ये झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते, पण माझ्याजवळ दुसरी सुरुवात नाही.

माझे यजमान मिलिंद पुण्याहून आयटीच्या नोकरीसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये आले आणि त्यांच्या मागोमाग मी. आम्ही श्रूजबरीत घर घेतले होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मिलिंद खाली पडले ते पुन्हा उठलेच नाहीत. त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आमची मुलगी सई तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि खिडकीत उभी राहून बाबांकडे बघत होती.

फ्युनरल होममध्ये मिलिंदच्या अंत्यदर्शनाला आपल्या मराठी मंडळातली बरीच मंडळी आली होती. सगळ्यांनी सईला जवळ घेतले. कोणी म्हणाले, बाबा बाप्पाकडे गेलेत. कोणी म्हणाले, लांब गावाला गेलेत. एका काकूंनी सांगितले, बाबा झोपलेत. सई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती, "व्हेन विल ही वेक अप?" त्या दिवसांत ती झोपायलाही तयार नव्हती. डोळे मिटायला लागले की दचकून उठायची. त्याचे कारण माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि येण्यासारखी माझी अवस्थाही नव्हती.

करड्या कोटातल्या साठीच्या एक बाई पुढे आल्या. गुडघ्यावर बसायला त्यांना त्रास होत होता, तरी त्या बसल्या. सईने त्यांनाही तेच विचारले.

"सई, बाबा झोपलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "बाबा मरण पावलेत. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलंय. ते आता उठणार नाहीत."

"डज इट हर्ट?"

"नाही. त्यांना आता काहीच दुखत नाही."

"मी झोपले तर मी पण मरणार?"

"नाही. झोपणं वेगळं आणि मरणं वेगळं. झोपलेलं माणूस उठतं. तू झोपलीस की सकाळी उठशील, आणि आई तिथेच असेल."

मी संतापले. ही कोण बाई, आणि माझ्या मुलीला हे सांगण्याचा अधिकार हिला कोणी दिला? मी तसे बोललेही. त्या सावकाश उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावर रागव. तुझा राग बरोबर आहे. पण तिला आज झोप लागेल."

सई त्या दिवशी झोपली. माझ्या मांडीवर, पहिल्यांदा, गाढ.

मंडळात बहुतेकजण त्यांना काकू म्हणत. जिथे त्या काम करीत त्या बालवर्गात त्या 'मिस सुलभा' होत्या. मी ताई म्हणू लागले. पंधरा दिवसांनी त्या डब्यात वरणफळे घेऊन आमच्या घरी आल्या. नागपूरकडच्या हाताची, लसणाची चरचरीत फोडणी घातलेली वरणफळे. मी जेवत नव्हते हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. त्यांनी आग्रह केला नाही. स्वतः ताट वाढून घेऊन जेवायला बसल्या, त्यामुळे मलाही बसावे लागले.

"पुढे काय करणार?" त्यांनी विचारले.

मी म्हणाले, "पुण्याला जाईन. किंवा नाही जाणार. माहीत नाही." ग्रीन कार्ड आदल्या वर्षीच आले होते, त्यामुळे राहण्याची परवानगी होती. जगायचे कशावर, हा प्रश्न होता. माझे शिक्षण पुण्यातले बी. कॉम. आणि इथे नोकरीचा अनुभव शून्य.

"आमच्या कम्युनिटी कॉलेजात ये. बालशिक्षणाची दोन वर्षांची डिग्री आहे. मी तिथूनच शिक्षिका झाले."

"मला लहान मुलांची फार आवड नाहीये, ताई."

"आवड पुष्कळांना असते," त्या म्हणाल्या. "तू ये तर खरी."

त्यांची स्वतःची हकिकत मला कितीतरी महिन्यांनी, कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीचे हीटर सुरू करून बसलो असताना त्यांनी सांगितली. ती इथे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

डॉ. मोहरील आणि सुलभाताई नागपूरहून इथे आले त्याला आता फार वर्षे झाली. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, मोठ्या रुग्णालयात त्यांचे नाव होते. अनघा ही त्यांची एकुलती मुलगी. ती दहा वर्षांची असताना तिच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले, आणि पुढे करण्यासारखे काही उरले नाही. शाळेत जाणे थांबले तेव्हा शाळेने तिला शिकवायला एक शिक्षिका घरी पाठवायला सुरुवात केली. बाई उंच होत्या, आवाज जाडसर. रोज दुपारी येऊन अपूर्णांक शिकवायच्या, पुस्तक वाचून दाखवायच्या.

"मला वाटायचं, हिला अपूर्णांक कशाला?" सुलभाताई म्हणाल्या. "एकदा मी त्या बाईंना तसं बोललेही. त्या म्हणाल्या, ती पाचवीत आहे, पाचवीतली मुलं हे शिकतात."

अनघाने एकदा आईला विचारले होते, मी मरणार आहे का? सुलभाताई म्हणाल्या होत्या, छे, भलतंच काय बोलतेस, तू बरी होणार आहेस. त्यानंतर अनघाने आईला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिने तो शिक्षिकेला विचारला. सुलभाताई स्वयंपाकघरात होत्या, त्यांना सगळे ऐकू येत होते. बाई म्हणाल्या, मला नक्की माहीत नाही, पण डॉक्टरांना काळजी वाटते आहे, आणि मलाही वाटते आहे. तुला काय वाटतं? मग अनघा बोलत राहिली. आपल्याला कशाची भीती वाटते, आपली पुस्तके कोणाला द्यायची, आई रडेल तेव्हा बाबा घरी असतील का, हे सगळे.

"माझ्या मुलीला तिच्या मरणाबद्दल परक्या बाईशी बोलावं लागलं," सुलभाताई म्हणाल्या. "कारण मी खोटं बोलले होते आणि तिला ते कळलं होतं. तिनं मला विचारणंच सोडून दिलं."



अनघा गेल्यानंतर ती शिक्षिका भेटायला येत राहिली. एकदा सुलभाताईंनी तिला विचारले, तुम्ही हे कुठे शिकलात? ती म्हणाली, मी सुरुवात कम्युनिटी कॉलेजात केली, दोन मुलं पदरात होती, दुसरं काही परवडण्यासारखं नव्हतं. सुलभाताईंनी ते घरी सांगितले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तू जा. घरात बसून आपण दोघंही वेडे होऊ."

त्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेल्या. वर्गात नुकतीच शाळा संपवलेली मुले, कपडे धुण्याच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये काम करून आलेल्या आया, नोकरी गेलेला एक ट्रकचालक आणि या डॉक्टरांच्या पत्नी. आपल्या मंडळात तेव्हा कुजबूज झाली. डॉक्टरांच्या बायकोला लोकांच्या मुलांची नाकं पुसायची हौस आली आहे, असे बोलले गेले. त्या कुजबुजीतली काही मंडळी आज या ग्रंथाच्या समितीत आहेत. सुलभाताईंनी ते मनात ठेवलेले नाही, म्हणून मीही थोडक्यात आटोपते.

पहिल्या सत्रात त्यांना एका मुलाचे निरीक्षण लिहून आणायला सांगितले होते. त्यांनी पानेच्या पाने लिहिली. प्राध्यापकांनी ती परत केली आणि म्हणाले, तुम्हाला काय वाटलं ते लिहिलंत, काय दिसलं ते लिहिलेलं नाही. सुलभाताई घरी येऊन खूप रडल्या. मग पुन्हा गेल्या, पुन्हा पाहिले, पुन्हा लिहिले. दोन वर्षांनी पदवी हातात आली तेव्हा कॉलेजच्याच बालवर्गात त्यांना मदतनिसाची जागा मिळाली. विद्यार्थी-पालकांची मुले त्या वर्गात असत आणि शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी तिथेच सराव करीत. पुढे नोकरी सांभाळून त्यांनी चार वर्षांची पदवीही घेतली आणि त्या बालवर्गाच्या प्रमुख झाल्या. मी कॉलेजात आले ते त्यांच्या हाताखाली.

शिक्षिका म्हणून त्या कठोर होत्या. माझा सराव सुरू झाला त्या आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "तो नवीन मुलगा आईच्या आठवणीने रडतोय."

"आईची आठवण तुला कुठे दिसली?"

मी त्या मुलाकडे पुन्हा पाहिले.

"दिसलं काय ते सांग."

"दार बंद झालं आणि तो रडायला लागला."

"मग दार जरा उघडं ठेवून बघू या."

दार उघडे ठेवल्यावर तो गप्प झाला. त्याला आई नको होती असे नाही, पण बंद दाराची त्याला धास्ती होती. ती का होती ते आम्हाला कधीच कळले नाही. मात्र पुढे वर्षभर त्या वर्गाचे दार थोडे किलकिले राहिले, आणि कॉरिडॉरमधून थंडी येते अशी तक्रार करणाऱ्यांना सुलभाताई स्वेटर घालायला सांगत.

मला इंग्रजीत बोलायची भीती होती. मुलांसमोर बोलताना उच्चार चुकले तर मुले हसतील असे वाटे. त्या म्हणाल्या, "हसतील. मग तूही हस, आणि त्यांना नीट उच्चार विचार. चार वर्षांच्या पोराला शिकवायला मिळालं की ते तुझंच होतं." माझा वर्ग असे तेव्हा सईला त्या सांभाळत. परीक्षेच्या काळात त्या आमच्याकडे येऊन भाजी-पोळी करून जात आणि मी आभार मानू लागले की विषय बदलत. पण या उपकारांची यादी करणे त्यांना आवडणार नाही, आणि मला सांगायचे आहे ते दुसरेच आहे.

माझ्या दुसऱ्या वर्षी बालवर्गात एक मुलगी होती. तिला मी इथे रोझी म्हणते. चार वर्षांची, पाण्यात खेळायला वेडी. तिची आई बावीस वर्षांची होती आणि त्याच कॉलेजात नर्सच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम करीत होती. आधी ती व्यसनात सापडली होती आणि त्यातून बाहेर पडून वर्ष होऊन गेले होते. वर्गात कोणाला काही कमी पडले की धावून जाणारी, हसरी मुलगी. सुलभाताईंचा तिच्यावर फार जीव होता. तिला त्या गृहपाठात मदत करीत, आपल्या डब्यातले खायला देत. ती म्हणायची, "मिस सुलभा, मी पास झाले की पहिला युनिफॉर्म घालून तुम्हालाच दाखवायला येणार."

एका सकाळी पाण्याच्या टेबलापाशी रोझीच्या बाह्या वर करताना मला तिच्या दंडावर काहीतरी दिसले. मी सुलभाताईंना बाजूला बोलावले.

"ताई, रोझीला कोणीतरी मारलंय."

"काय दिसलं?"

"दंडावर निळे डाग आहेत. ओळीने चार. आणि मागच्या बाजूला एक."

त्या गेल्या, रोझीशी पाण्यात थोडे खेळल्या, आणि परत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. बोटांच्या खुणा आहेत हे समजायला फार शिकावे लागत नाही.

इथल्या कायद्याप्रमाणे शिक्षकाने असे काही पाहिले तर राज्याच्या बालसंरक्षण विभागाला कळवावेच लागते. तरी मी म्हणाले, "आधी तिच्या आईशी बोलू या ना. तुम्ही ओळखता तिला. ती असं करणार नाही."

"मलाही वाटतं की ती करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण घरात आणखी कोण आहे ते आपल्याला माहीत नाही. आणि रोझी आज दुपारी त्याच घरी जाणार आहे."

त्यांनी मला शेजारी बसवून फोन केला. एकही विशेषण न वापरता, जे दिसले तेवढेच सांगितले.

चौकशीत कळले की तो हात रोझीच्या आईचा नव्हता. तिच्या मित्राचा होता. पण आईला ते ठाऊक होते आणि तिने त्याला घराबाहेर काढले नव्हते. रोझीला दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यात आले. दोन दिवसांनी तिची आई बालवर्गात आली. मुले बाहेर खेळत होती. ती ओरडली नाही.

"तुम्ही मला ओळखत होतात," ती म्हणाली. "मला आधी सांगितलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. एकदा विचारायचं तरी होतं मला."

"मी विचारू शकत नव्हते," सुलभाताई म्हणाल्या. "मला रोझीचं बघायचं होतं."

"आणि माझं?"

ती निघून गेली. त्या महिन्यातच तिने कॉलेज सोडले. सुलभाताईंनी तिला फोन केले, निरोप ठेवले. तिने एकदाही फोन उचलला नाही. वसंत ऋतूत बातमी आली की ती व्यसनाकडे परत वळली होती आणि त्यातच गेली.

अंत्यसंस्काराला जायचे असे त्यांनी ठरवले. गाडी मी चालवली. चर्चच्या दारात मृत मुलीची आई, म्हणजे रोझीची आजी, उभी होती. तिने सुलभाताईंना ओळखले. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुम्ही आत येऊ नका." सुलभाताईंनी मान डोलावली आणि त्या मागे फिरल्या.

आम्ही गाडीत बसलो. मी म्हणाले, "ताई, तुम्ही बरोबरच केलंत."

"हो," त्या म्हणाल्या. "बरोबर केलं. पण बरोबर केलं म्हणजे बरं झालं असं नसतं, अश्विनी."

"पुन्हा असं झालं तर?"

"पुन्हा त्याच दिवशी फोन करीन."

"आणि नंतर?"

"नंतर असंच वाटेल."

रोझीला दुसऱ्या राज्यातल्या एका कुटुंबाने दत्तक घेतले एवढेच आम्हाला कळले. ती कशी आहे, तिला काय आठवते, ते आम्हाला माहीत नाही आणि माहीत होणारही नाही. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाताई नेहमीच्या वेळी बालवर्गात आल्या. रोझीच्या आईचे इतर मुलांना काही कळले नव्हते, पण रोझी कुठे गेली हे मुले अजून विचारत. सुलभाताई सांगत, ती दुसऱ्या घरी राहते, तिथे तिला जेवायला मिळतं, आणि आपल्याला तिची आठवण येते. यातले जे माहीत होते तेवढेच त्या सांगत. ती परत येणार आहे असे त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मी त्या वर्षी शिक्षण सोडायचे ठरवले होते. मिलिंदचे दुःख होतेच, त्यात हे. मी त्यांना सांगितले की मला हे जमणार नाही. त्यांनी मला थांबवले नाही. म्हणाल्या, "जमणार नाही म्हणतेस ते खरं असेल. फक्त आज सोडू नकोस. एखाद्या चांगल्या दिवशी सोड. वाईट दिवशी सोडलंस तर तो दिवस जन्मभर तुझ्याबरोबर येईल." तसा चांगला दिवस यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा मुलांनी मला मातीचा केक करून वाढला होता. त्या दिवशी सोडणे जमले नाही. पदवी झाली, पुढची पदवी झाली, आणि आता कितीतरी वर्षे मी इथल्या सरकारी शाळेत बालवाडीच्या वर्गाला शिकवते आहे.

डॉक्टर मोहरील चार वर्षांपूर्वी गेले. सुलभाताईंची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिसला जावे लागते. मला सुट्टी असते तेव्हा मी त्यांना नेते. परतीच्या वाटेवर त्या इतक्या थकलेल्या असतात की बोलतही नाहीत. जाताना मात्र बोलतात. गेल्या महिन्यात जाताना त्यांनी विचारले, "लेखात काय लिहिणार आहेस?"

"तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत ते."

"ते नको. रोझीचं आणि तिच्या आईचं लिही."

"ताई, पंच्याहत्तरीच्या ग्रंथात ते कोण वाचेल?"

"आता आपल्या कितीतरी मुली त्या कॉलेजात येतात. नवऱ्याची नोकरी गेलेल्या, नोकरीला बंदी असलेल्या व्हिसातून मोकळ्या झालेल्या, घरात कंटाळलेल्या. त्यांना सगळे सांगतात की दोन वर्षांत डिग्री मिळते, नोकरी लागते, सुट्ट्या चांगल्या असतात. ते खरंच आहे. पण या कामात एखादं माणूस आपल्यामुळे उद्ध्वस्त झालं का, हे आपल्याला कधीच कळत नाही आणि तरी सकाळी जावं लागतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. तू सांग."

म्हणून सांगितले. मंडळाच्या समितीने हा लेख आहे तसा छापावा, अशी सुलभाताईंच्या वतीने माझी विनंती आहे.

आता राहिले ते शुभचिंतन. शंभर वर्षांचे आयुष्य मागू नकोस, असे त्यांनी मला बजावले आहे. त्या यंत्राला जोडून घेऊन शंभर वर्षे काढणे म्हणजे शिक्षा, असे त्या म्हणतात. तेव्हा ताई, मी तुमच्यासाठी एवढेच मागते: ज्या दिवशी यंत्र नसेल त्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसता यावे. घास चवीने जावा. सुया टोचलेला हात सुजू नये. आणि असे दिवस पुष्कळ यावेत. आम्हाला तुमची गरज आहे, हे कारण मी पुढे करणार नाही; लोकांच्या गरजेपायी तुम्ही आजवर पुष्कळ उठलात. आता मागते ते केवळ तुम्ही असावे म्हणून.